हैदराबादला उतरायचे कुठे?

आपल्या घरांत प्रवासाची कारणे ठरलेली असतात. लग्न, मय्यत, दवाखाना, भाचीचा अकीका, आणि नशिबात असेल तर हज-उमरा. नुसते एक शहर पाहण्यासाठी चार दिवस घर सोडायचे, हे अजूनही पुष्कळांना चैनीचे वाटते. आणि जायचे ठरलेच, तर उतरायचे कुठे हा प्रश्न कुणी विचारत नाही. त्या गावात एखादी खाला, एखादी फुप्पी, नाही तर कुणाचा तरी चुलतभाऊ असतोच. त्यांच्या दोन खोल्यांत आपली सहा माणसे मावतात, त्यांची मुले हॉलमध्ये झोपतात, घरची बाई पहाटेपासून गॅसपाशी उभी राहते आणि आपल्या बायका जाऊन तिच्या शेजारी उभ्या राहतात. शहर पाहायचे राहूनच जाते. परत आल्यावर कुणी विचारले की काय काय पाहिले, तर आपण पदार्थांची नावे सांगतो.

शिवाय शब्दाचीही एक अडचण आहे. आमच्या परभणीकडे 'हॉटेल' म्हणजे चहा-भज्यांची जागा. मुक्कामाच्या जागेला 'लॉज' म्हणतात, आणि तो शब्द आयाबहिणींसमोर उच्चारताना माणसे आवाज खाली घेतात. शरीफ घरातले लोक लॉजवर उतरत नाहीत, ही समजूत अजून पुरती गेलेली नाही. त्यामुळे खोली कशी निवडावी, आधी काय विचारावे, कशाला किती पैसे मोजावेत, ही माहिती आपल्या घरांत मागच्या पिढीकडून आलेलीच नसते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अब्बा-अम्मींना आणि दोन्ही मुलांना घेऊन हैदराबादला गेलो, तेव्हा हे सगळे पहिल्यापासून शिकावे लागले. दुसऱ्या घरांच्या उपयोगी पडेल, म्हणून लिहीत आहोत.

हैदराबादच का, तर आम्ही मराठवाड्यातले. १९४८ पर्यंत आमचे जिल्हे निजामाच्या राज्यात होते आणि हैदराबाद ही आमची राजधानी होती. आमच्याकडे जमिनीचे जुने कागद आजही उर्दूत सापडतात. अब्बांचे वडील जमिनीच्या एका दाव्यासाठी कित्येक वर्षे हैदराबादच्या हायकोर्टात पेशीला जात आणि नामपल्ली स्टेशनजवळच्या सरायत उतरत. परत आल्यावर ते मुलांना मुसी नदीकाठच्या त्या कोर्टाच्या घुमटांचे, मक्का मस्जिदीतल्या जुम्याचे वर्णन करीत. अब्बांनी ते लहानपणी ऐकले. पुढे ते स्वतः दोनदा हैदराबादला गेले, पण दोन्ही वेळा कुणाला तरी दवाखान्यात भरती करायला. शहर म्हणून ते त्यांनी कधी पाहिलेच नव्हते.

आता अब्बा ७८ वर्षांचे आहेत. दोन्ही गुडघे झिजलेले. सपाट जागेवर तीन-चारशे पावले चालतात, मग त्यांना बसावे लागते. पावसाळ्याआधी हाडांच्या डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितले, "कुठे न्यायचे असेल तर या वर्षी न्या." अब्बांना विचारले, तर त्यांनी तीनच गोष्टी सांगितल्या. बापाचे हायकोर्ट बाहेरून पाहायचे, मक्का मस्जिदीत एक जुमा पढायचा, आणि सालारजंग म्युझियममधले ते घड्याळ बघायचे, ज्यातून माणूस बाहेर येऊन टोले देतो. बाकी तुमचे तुम्ही बघा, म्हणाले.

म्हणजे आमच्यापुढचा प्रश्न साधा नव्हता. हे शहर अब्बांना दाखवण्याची संधी बहुतेक एकदाच मिळणार होती, आणि ती चारशे पावलांत बसवायची होती.

पहिली अडचण नातेवाइकांची. अम्मींच्या खालाजाद बहिणीचे घर टोलीचौकीत आहे. माणसे अत्यंत प्रेमळ, पण घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, संडास देशी. अब्बांनी दिवसातून एकदा तो जिना चढला-उतरला असता, तर त्यांचे चालणे तिथेच संपले असते. तरीही लॉजचे नाव काढताच अम्मी म्हणाल्या, "अपने लोगां रहते हुए लॉज में उतरना? आपा क्या बोलेगी?" त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. पाहुणचार नाकारला की आपल्याकडे माणूसच नाकारल्यासारखे होते.

दुसरी अडचण पैशांची. शिक्षकाच्या पगारात सहा माणसांचा प्रवास म्हणजे आधी हिशेब. राहण्यासाठी आम्ही तीन रात्रींचे नऊ हजार रुपये बाजूला काढले होते, त्याच्या वर एक रुपया नाही. खोल्या दोन लागणार होत्या. एकीत अब्बा, अम्मी आणि नातू, दुसरीत आम्ही दोघे आणि मुलगी.

चौकशी सुरू केली तेव्हा सर्वांत स्वस्त जागा निघाली सिकंदराबादच्या पलीकडे, ९०० रुपये खोली. जुन्या शहराच्या जवळ तसलीच खोली १,४०० ला. तीन रात्रींचा फरक तीन हजार रुपयांचा. कुणीही म्हणेल, रात्री नुसते झोपायचे तर आहे, स्वस्त घ्या. आम्ही पाचवीतल्या मुलाला वही-पेन्सिल दिली आणि त्याच्याकडूनच हिशेब करवून घेतला. सिकंदराबाद ते चारमिनार सुमारे १० किलोमीटर. सहा माणसांना दोन ऑटो. एका वेळचे दोन्ही ऑटोंचे मिळून साधारण ५०० रुपये. सकाळी जाणे, संध्याकाळी येणे, म्हणजे दिवसाला १,०००. तीन दिवसांचे ३,०००. वाचवलेले सगळे पैसे रस्त्यातच गेले. आणि अब्बांना दुपारी विश्रांतीसाठी परत आणायचे म्हटले, तर रोज आणखी १,०००. म्हणजे स्वस्त खोलीच तीन हजारांनी महाग पडत होती. मुलाने उत्तराखाली दोन रेघा मारल्या आणि वही अम्मींपुढे ठेवली.

पण अम्मींचे मन वळले ते या हिशेबाने नाही. ते वळले हजच्या आठवणीने. आपल्याकडे कुणीही हजला किंवा उमऱ्याला निघाले, की पहिला प्रश्न काय असतो? हरमपासून किती लांब? काही वर्षांपूर्वीपर्यंत हज कमिटीकडून जाणाऱ्यांना 'ग्रीन' आणि 'अझीझिया' असे दोन पर्याय असत. ग्रीनमधली घरे हरमच्या जवळची आणि महाग, अझीझियातली लांबची आणि स्वस्त, तिथून बसने ये-जा. ज्यांच्या घरात वयस्क माणूस असे, ते इतर खर्चाला कात्री लावून जवळच्या घराचे पैसे भरत. कारण लांब उतरलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या हरममधल्या किती नमाजा हुकतात, हे सगळ्यांना माहीत होते. आमच्या भागातल्या लोकांना तर आणखी एक गोष्ट ठाऊक आहे. मक्केत निजामाच्या काळापासूनची रुबात आहे आणि जुन्या हैदराबाद राज्यातल्या, म्हणजे मराठवाड्यातल्याही, हाजींना तिथे मोफत राहण्याची संधी मिळते. त्यासाठी नावांची सोडत निघते. नाव निघाले की माणसे ईद असल्यासारखी आनंदतात. ती खोली मोठी असते म्हणून का? नाही. फुकट असते आणि हरमपासून लांब नसते म्हणून.

आम्ही अम्मींना एवढेच म्हणालो, की तीच अक्कल इथे वापरायची आहे. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "ऐसा बोलो ना फिर. आपा को मैं समझाती." आणि त्यांनीच फोन करून सांगितले, की अब्बांच्या गुडघ्यांमुळे आम्ही खाली उतरतोय, पण रविवारचे जेवण तुझ्याकडे. जो फोन आम्हाला आठ दिवस जमला नव्हता, तो अम्मींनी पाच मिनिटांत केला. आम्हाला वाटते, हा फोन घरातल्या मोठ्या बाईनेच करावा आणि खोली घेण्याआधी करावा. नातेवाइकांना लॉजवर उतरल्याचे नंतर कळले की राग येतो. आधी कारण सांगून सांगितले आणि एक वेळचे जेवण त्यांच्या दस्तरखानावर ठेवले, की नाते टिकते आणि त्यांच्या घरावर चार दिवसांचा भारही पडत नाही.

त्यानंतर आम्ही शहराचा नकाशा जमिनीवर पसरला. खोल्यांची यादी आधी पाहायची नाही, असे ठरवले. आधी काय पाहायचे त्या जागांवर शेंगदाणे ठेवले. चारमिनार, मक्का मस्जिद, लाड बाजार आणि चौमहल्ला पॅलेस हे सारे एका किलोमीटरच्या आसपास आले. सालारजंग म्युझियम आणि हायकोर्ट मुसीच्या दक्षिण काठावर, नया पुलाच्या दोन बाजूंना. फक्त गोवळकोंडा आणि कुतुबशाही मकबरे लांब, चारमिनारपासून १० किलोमीटरच्या पलीकडे. म्हणजे आठापैकी सहा शेंगदाणे एका मुठीत मावत होते. खोली त्या मुठीतच हवी होती.

हैदराबाद म्हणून जी हॉटेले जाहिरातींत दिसतात, त्यांतली पुष्कळशी गच्चीबावली आणि हायटेक सिटीकडची असतात. इमारती चकचकीत, पण तिथून चारमिनार १८-२० किलोमीटर. कंपनीच्या कामाला जाणाऱ्यांना ती ठीक. नामपल्ली आणि आबिड्सचा भाग मधला. स्टेशन जवळ, मेट्रो जवळ, लॉज भरपूर. ज्यांचे पाय धड आहेत अशा तरुण जोडप्याला आम्ही हाच भाग सुचवू, कारण तिथून शहर दोन्ही बाजूंना गाठता येते. काचीगुडाही तसेच, आमच्याकडच्या गाड्या तिथे जातात म्हणून सोयीचे. पण दोन्हीकडून चारमिनारला चार-पाच किलोमीटर ऑटो आलाच.

उलट अगदी चारमिनारला चिकटून घ्यावे, तर तिथे वेगळीच गोष्ट. चारमिनारच्या भोवतालचा भाग वाहनांना बंद केलेला आहे. चालणाऱ्यांसाठी ही फार चांगली सोय झाली, पण अब्बांसारख्या माणसाला सामानासकट ऑटो दारापर्यंत येईल का, हे विचारावे लागते. शिवाय रात्री उशिरापर्यंत बाजाराचा आवाज. म्हणून आम्ही नया पूल ओलांडल्यावर, पत्थरगट्टीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतची एक जागा निवडली. ऑटो दाराशी येत होता, आणि चारमिनारही एका थांब्यात, फार तर दोन थांब्यांत, गाठता येत होता.

फोनवर काय विचारायचे याची आम्ही यादी केली होती, ती जशीच्या तशी देतो. रस्त्यापासून खोलीच्या दारापर्यंत एकूण पायऱ्या किती? लिफ्ट आहे का, आणि लिफ्टच्या आधी किती पायऱ्या आहेत? पहिल्या मजल्यावर खोली देता का? बाथरूममध्ये कमोड आहे का, आणि शेजारी धरायला काही आहे का? गरम पाणी किती वाजल्यापासून मिळते, कारण आम्हाला फजरच्या वुजूला लागेल? दिवस दुपारी १२ ते १२ धरता की आल्यापासून २४ तास? पहाटेच्या गाडीने आलो तर खोली लगेच मिळेल का, आणि त्याचे जादा पैसे किती? जादा गादीचे वेगळे घेता का? भाड्यात कर धरला आहे का? शेवटच्या दिवशी खोली सोडल्यावर सामान रात्रीपर्यंत ठेवता का? रात्री दार किती वाजता बंद होते? ओळखपत्र सगळ्या मोठ्या माणसांचे लागते, ते ठाऊक आहेच, पण झेरॉक्स बरोबर आणायच्या का?

यातला २४ तासांचा प्रश्न रात्रीच्या गाडीने जाणाऱ्या प्रत्येकाने विचारावा. दुपारी १२ चा नियम असला आणि तुम्ही सकाळी सहाला पोचलात, तर म्हातारे माणूस सहा तास बाकावर बसते, नाही तर एका दिवसाचे भाडे जादा जाते. आम्ही निवडलेल्या जागेत २४ तासांचा हिशेब होता, आणि तेही तिची निवड करण्याचे मोठे कारण होते.

फोटोंवर आम्ही भरवसा ठेवला नाही. आमचा एक जुना विद्यार्थी हैदराबादला नोकरी करतो. त्याला विनंती केली. तो संध्याकाळी जाऊन आला, रस्त्यावरून चालत खोलीपर्यंत गेला आणि फोनवर चित्रण करून पाठवले. आम्ही पलंग पाहिला नाही, पायऱ्या मोजल्या. बाहेर तीन, आत चौदा, मध्ये वळणावर थांबायला जागा. बाथरूमचा उंबरठा बेताचा. आपल्या ओळखीचे कुणी ना कुणी प्रत्येक शहरात असते. घरी उतरू द्या म्हणण्यापेक्षा, एवढी पाहणी करून द्या म्हणणे दोघांनाही सोपे जाते.

आणखी एक प्रश्न आम्ही विचारतो, तो थोडा जड आहे, पण लिहायला हवा. दुसऱ्या एका गावात काही वर्षांपूर्वी आम्हाला फोनवर खोली आहे म्हणून सांगितले, आणि काउंटरवर नावे लिहिल्यावर ती भरलेली निघाली. रात्रीचे दहा वाजले होते आणि मुलगी नऊ वर्षांची होती. तिने विचारले, "आत्ताच कशी भरली?" त्या प्रश्नाला चांगले उत्तर नसते. तेव्हापासून आम्ही फोन उचलल्यावर आधी आपली पूर्ण नावे सांगतो, मग तारीख. नकार यायचा असेल तर तो घरी बसलेले असताना यावा, म्हातारी माणसे आणि सामान घेऊन रस्त्यावर उभे असताना नको. होकार आला की तो लेखी मागवतो. हैदराबादला ही वेळ आली नाही, पण सवय आम्ही सोडलेली नाही आणि कुणी सोडू नये.

आता दिवसांचा मेळ. आपल्याला जुमा जामा मस्जिदीत किंवा तशाच मोठ्या मस्जिदीत पढायचा असतो, आणि नेमके हैदराबादला सालारजंग, चौमहल्ला आणि कुतुबशाही मकबरे शुक्रवारी बंद असतात. ज्यांना हे ठाऊक नसते त्यांचा तो दिवस वाया जातो. आम्ही गुरुवारी सकाळी पोचायचे ठरवले. गुरुवारी आराम आणि असरनंतर चारमिनार, शुक्रवारी जुमा आणि बाजार, शनिवारी म्युझियम आणि चौमहल्ला, रविवारी गोवळकोंडा, टोलीचौकीचे जेवण आणि रात्रीची गाडी. टोलीचौकी गोवळकोंड्याच्याच वाटेवर, त्यामुळे नातेवाइकांकडे जाण्याला वेगळा खर्चही पडला नाही.

खोलीबद्दल खरे ते सांगतो. खोली लहान होती. भिंतीला ओल धरलेली, टॉवेल विरलेले, खिडकी गल्लीत उघडणारी. रात्री बारापर्यंत हातगाड्यांचा आवाज. दुसऱ्या दिवशी लिफ्ट दुपारभर बंद होती, पण आमची खोली पहिल्या मजल्यावर असल्याने आमचे काही अडले नाही. चादरी मात्र धुतलेल्या, पाणी गरम, आणि फजरची अजान खिडकीतून स्वच्छ ऐकू येई.

गुरुवारी संध्याकाळी अब्बांनी चारमिनार पाहिला. १५९१ मध्ये मुहम्मद कुली कुतुबशहाने बांधलेली ही वास्तू आम्ही शाळेत मुलांना चित्रावरून शिकवतो. गुलजार हौजपाशी उतरून ते थांबत थांबत गेले. वर जाणारा जिना अरुंद आणि गोल, तिकडे मुलेच गेली. अब्बा खाली बसून त्यांना हात करीत राहिले.

शुक्रवारी आम्ही दीड तास आधी मक्का मस्जिदीत पोचलो. कुतुबशाहीत सुरू झालेले हे बांधकाम १६९४ मध्ये औरंगजेबाच्या काळात पुरे झाले. दगडाचे ते प्रचंड खांब आणि कमानी पाहून अब्बा काही बोलले नाहीत. खुर्चीवर नमाज पढणाऱ्यांची रांग एका बाजूला होती, तिथे त्यांना जागा मिळाली. नमाज संपल्यावर गर्दी पांगेपर्यंत ते बसून राहिले. घाई नव्हती. मुक्काम जवळ असला की गर्दी ओसरेपर्यंत थांबता येते, हा फायदा आम्हाला आधी सुचलाच नव्हता.

त्या वेळेत अम्मी आणि आमची मुलगी लाड बाजारात लाखेच्या बांगड्या पाहत होत्या. अम्मींनी चार दुकाने फिरून एक जोड घेतला आणि मुलीने त्यांच्याकडून घासाघीस करायची कशी ते शिकून घेतले.

शनिवारी सकाळी, म्युझियम उघडण्याआधी, आम्ही ऑटोने हायकोर्टासमोरून गेलो. लाल दगडाची ती इमारत आणि वरचे घुमट. अब्बांनी ऑटो थांबवायला सांगितला आणि खाली न उतरताच पाच मिनिटे पाहिले. मग नातवाला म्हणाले, "तेरे परदादा यहाँ तक आते थे. जमीन हार गए, मगर आते रहे." आम्हाला तो दावा हरल्याचे तोवर माहीत नव्हते.

सालारजंगमध्ये अब्बांसाठी चाकाची खुर्ची मिळाली. घड्याळासमोर बाकांवर माणसे दाटीने बसली होती. बाराला काही मिनिटे असताना तो छोटा माणूस बाहेर आला आणि वेळ होताच त्याने टोले दिले. मुलांच्या आधी अब्बांनीच मोजून बारा म्हटले. आणि तिथेच ते थकले. चेहरा उतरला, हात थंड पडले. आम्ही बाहेर आलो, ऑटो केला, आणि दहा मिनिटांच्या आत ते पलंगावर आडवे झाले होते. जोहर त्यांनी पलंगावर बसूनच पढली, दोन तास झोपले, आणि दुपारनंतर स्वतःहून म्हणाले की चौमहल्ला राहिला ना. सिकंदराबादला उतरलो असतो, तर त्या दुपारी आम्ही त्यांना घेऊन दहा किलोमीटरच्या गर्दीत अडकलो असतो, आणि सफर तिथेच संपली असती. खोलीला जे जादा पैसे दिले, ते या दहा मिनिटांचे होते.

अम्मींचे मात्र आम्ही मोजलेच नव्हते. पहिल्या सकाळी मुलगा खाली जाऊन इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटे घेऊन आला. अम्मी पलंगावर टेकून बसल्या होत्या. कप हातात घेतला आणि म्हणाल्या, "जहाँ गई वहाँ चूल्हा मेरे से पहले पहुँचा. आज नहीं है." सत्तर वर्षांत त्या चाळीस-पन्नास गावे तरी फिरल्या असतील, सगळी नातेवाइकांकडची, आणि प्रत्येक ठिकाणी पोचल्याबरोबर ओढणी खोचून स्वयंपाकघरात शिरल्या. तीन दिवस त्यांनी काहीही रांधले नाही. रविवारी टोलीचौकीला मात्र बहिणीबरोबर उभ्या राहून खट्टी दाल केली, ती हौसेने.

त्याच दिवशी सकाळी गोवळकोंडा झाला. साडेतीनशेहून जास्त पायऱ्या, तेव्हा मुले आणि आमच्यापैकी एकजण वर गेले. अब्बा खाली प्रवेशद्वारात थांबले. तिथे वाजवलेली टाळी वर बालाहिसारला ऐकू जाते. त्यांनी खालून टाळी दिली, वरून नातवाने ओरडून ऐकू आल्याचे सांगितले. ते ओरडणे अब्बांना ऐकू आले नाही, पण फोनवर कळले.

राहण्याचा खर्च कर धरून नऊ हजारांच्या आत बसला. हे आकडे आमचे आहेत. दुसऱ्या घराचे वेगळे असतील. कुणाकडे गरोदर सून असेल, कुणाकडे दीड वर्षाचे मूल, कुणाकडे साखरेचे औषध वेळेवर लागणारी आजी. आपल्या घरात सर्वांत आधी थकणारे माणूस कोण, हे ठरवावे आणि त्याच्या पावलांनी अंतर मोजावे. भाडे त्यानंतर. शहर कोणतेही असो, रीत हीच. आग्र्याला जाणाऱ्यांनी ताजमहाल शुक्रवारी पर्यटकांना बंद असतो हे लक्षात ठेवावे, दिल्लीला जाणाऱ्यांनी लाल किल्ल्याचा सोमवार.

आमचा पुढचा विचार विजापूरचा आहे. तिथे गोल घुमट शहराच्या पूर्वेला, स्टेशनच्या बाजूला, आणि इब्राहिम रोझा पश्चिमेला, तटाच्या बाहेर. म्हणजे एका मुठीत मावणारे नाही. मध्ये कुठेतरी खोली पाहावी लागेल. अब्बा आता घरातून गल्लीच्या तोंडापर्यंतच चालतात, त्यामुळे ते येतील की नाही ते अल्लाहच जाणे. पण परवा नकाशा पसरला, तेव्हा अम्मी शेंगदाण्यांची वाटी घेऊन आपणहून येऊन बसल्या आणि पहिला प्रश्न त्यांनीच विचारला, "पायऱ्या किती त्या लॉजला?"